बारावीनंतरची बोट: समुद्रप्रवास आणि घरच्या अटी



आजचा विषय वाचून काहींना हसू आलं असेल. इतिहासाच्या व्याख्यानात क्रूझ कुठून आली? आणि तीही वर्ध्यात! आमच्याकडे पाणी म्हणजे पवनारची धाम नदी, नाहीतर बोरचं धरण. समुद्र पाहायचा तर सेवाग्राम एक्सप्रेसमध्ये रात्र काढायची, तेव्हा सकाळी मुंबई येते.

पण गेल्या वर्षी हा विषय आमच्या घरातच उभा राहिला. नात बारावीला होती, पुण्याचा नातूही बारावीला. दोन्ही मुलांनी ठरवलं, की परीक्षा संपल्या की सगळ्यांनी मिळून मुंबईहून क्रूझवर जायचं. मग रोज रात्री जेवताना तीच चर्चा. खिडकीची खोली घ्यायची की बिनखिडकीची? दोन रात्रींची गोवा फेरी की लांबची लक्षद्वीपची? आमच्या सौभाग्यवतींचा एकच प्रश्न, कांदा-लसूण नसलेलं मिळतं का? शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, "सर, पोट्ट्यायले समुद्रावर नेता, पण उलट्या झाल्या तं?" आम्ही तत्त्वज्ञानाचे मास्तर. आम्हांला वाटलं, हे प्रश्न काही आजचे नाहीत. म्हणून जुनी पुस्तकं काढून बसलो.

समुद्रप्रवासाबद्दल आपल्या परंपरेचं बोलणं मुळातच दुटप्पी आहे. बौधायन धर्मसूत्रात समुद्रप्रवास हा एका जागी उत्तरेकडच्या लोकांचा रिवाज म्हणून येतो, तर दुसऱ्या जागी माणसाला जातीबाहेर नेणाऱ्या पातकांत येतो. पुढे कलिवर्ज्यांची यादी झाली आणि द्विजांसाठी दार आणखी घट्ट लागलं. आता गंमत पहा. १६६४ साली शिवाजी महाराजांनी मालवणजवळ सिंधुदुर्गाचा पाया घातला, आरमार उभं केलं. त्या आरमारात कोळी होते, भंडारी होते. ज्यांचं पोट समुद्रावर होतं त्यांना कलिवर्ज्याची अडचण आली नाही. अडचण होती ती पंगतीत बसणाऱ्यांची.

राघोबादादांनी आपले वकील इंग्लंडला पाठवले, त्यांत हणमंतराव नावाचे ब्राह्मण होते. साल १७८१. एडमंड बर्क या प्रसिद्ध संसदपटूनं त्यांना आपल्या गावच्या घरी नेलं, तर आपल्या आचाराप्रमाणे राहता यावं, स्वयंपाक करता यावा म्हणून ही मंडळी बागेतल्या काचगृहात उतरली. परत आल्यावर हणमंतरावांना प्रायश्चित्त चुकलं नाही. म्हणजे आमच्या सौभाग्यवतींचा कांदा-लसणाचा प्रश्न जवळजवळ अडीचशे वर्षांचा आहे.

पण आपल्याला पाहायचं आहे ते तरुण मुलांचं. दोन नावं घेतो.

पहिलं आनंदीबाई जोशी. गोपाळराव पोस्टखात्यात होते, बंगालमध्ये श्रीरामपूरला बदलीवर. फेब्रुवारी १८८३ मध्ये तिथल्या कॉलेजात आनंदीबाई लोकांसमोर उभ्या राहिल्या आणि अमेरिकेला आपण का जातो ते सांगितलं. हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणूनच परत येईन, असा त्यांचा शब्द होता. ७ एप्रिल १८८३ ला त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या. अठरावं वर्ष पूर्ण होऊन आठवडा झाला होता, फक्त एक आठवडा! सोबत घरचं कोणी नव्हतं.

दुसरं नाव आमच्या जिल्ह्याला जवळचं. १९३६ साली शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामला राहायला आलेले म्हातारे गांधीजी आपल्याला ठाऊक आहेत. बोटीवरचा पोरगा मोहनदास मात्र आपण विसरतो. १८८७ मध्ये मॅट्रिक झाला, भावनगरच्या कॉलेजात गेला, तिथं मन रमेना. घरच्या एका वृद्ध स्नेह्यानं सुचवलं, याला विलायतेला पाठवा. आणि घरात तीच चर्चा सुरू झाली, जी आमच्या जेवणाच्या टेबलावर होती. खर्च कुठून आणायचा? खाण्याचं काय? लोक काय म्हणतील? पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, आत्ता कसं पाठवायचं? हो, हेसुद्धा होतं. जून-जुलैत जाऊ नये म्हणून त्याला मुंबईत थांबावं लागलं.

आईची भीती साधी होती. तिकडे मुलं बिघडतात, असं तिनं ऐकलं होतं. पण तिनं अडवलं नाही. बेचरजी स्वामी नावाच्या जैन साधूंपुढे मुलाकडून तीन गोष्टींची शपथ घेतली. मद्य नाही, मांस नाही, परस्त्री नाही. आणि जा म्हणाली. जातीनंही आपली अट उघड सांगितली. मुंबईत पंचायत बसली, याला वाळीत टाका असं ठरलं, आणि जो याला धक्क्यावर पोचवायला जाईल त्याला सव्वा रुपया दंड! ४ सप्टेंबर १८८८ ला बोट सुटली. बोटीवर हा मुलगा जेवणाच्या दालनात जाईना. काटे-चमचे धरता येत नव्हते, कोणत्या पदार्थात मांस आहे हे विचारायला लाज वाटे. घरून आणलेली मिठाई आणि फळं खोलीत बसून खाल्ली.

परतीची गोष्ट महाराष्ट्रातली आहे. १८९१ साली बॅरिस्टर होऊन आल्यावर भाऊ त्यांना नाशिकला घेऊन गेले, गोदावरीत स्नान घातलं, मग राजकोटला जातभोजन दिलं. तरी जातीतला एक गट बधला नाही. सासरी पाणी प्यायलाही बंदी. सासरचे लोक चोरून द्यायला तयार होते, गांधींनीच चोरून घ्यायचं नाकारलं.

आता सव्वाशे वर्षं ओलांडून आजच्या धक्क्यावर येऊ. मधल्या काळात कोकणच्या बोटी आल्या, लाखो चाकरमानी भाऊच्या धक्क्यावरून गावी गेले, समुद्रोल्लंघनाचं पाप कोणाला आठवेना. २०१८ मध्ये मुंबई-गोवा 'आंग्रिया' सुरू झाली, नावातच कान्होजी आंग्रे. मग मोठ्या क्रूझ आल्या. प्रवास चैनीचा झाला. पण निवड करताना जुने तीन प्रश्न आजही कामाचे आहेत, ते सांगून ठेवतो.

एक, हंगाम. बारावीची परीक्षा मार्चमध्ये संपते, डॉक्टरकीची प्रवेशपरीक्षा मेच्या सुरुवातीला, आणि जूनपासून समुद्र आपला राहत नाही. १७ जुलै १९४७ ला 'रामदास' बोट रेवसला जाताना बुडाली, ६०० हून अधिक माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती, मुंबईला कळायलाच कित्येक तास लागले. आजच्या जहाजांची तुलना तिच्याशी नको, पण पावसाळा टाळण्याचं शहाणपण जुनंच बरं.

दोन, खाणं. आधी विचारून घ्यावं, मोहनदाससारखं लाजू नये.

तीन, मोकळीक. आमचा जिल्हा गांधींच्या नावानं दारूबंदीचा. कागदावरची बंदी किती पाळली जाते हे आपण जाणतो. जहाजावर मात्र बार समोरच असतो आणि मुलं सतरा-अठराची. त्याबद्दल घरातच सरळ बोलावं.

इथपर्यंत आम्ही टिपणं काढली होती. नातीला मोठ्या कौतुकानं वाचून दाखवली. ती गप्प बसली. मग म्हणाली, "आजोबा, मला जायचंय हो. पण नीटचा निकाल बिघडला ना, तर सगळे म्हणतील, फिरत बसली म्हणून. ते फोटो मला जन्मभर ऐकवतील."

मंडळी, आम्ही चाळीस वर्षं नीतिशास्त्र शिकवलं, पण हे आम्हांला सुचलं नव्हतं. पुतळीबाईंनी अट घातली ती निघण्याआधी, मुलाच्या तोंडावर. जातीचा निर्णय अन्यायाचा, पण तोही उघड होता. सव्वा रुपया म्हणजे सव्वा रुपया. म्हणून तर मोहनदासला ठरवता आलं की कोणता शब्द पाळायचा आणि कोणता धुडकावायचा. आजच्या घरांत अटी नाहीत असं आपण अभिमानानं सांगतो. अटी आहेत. त्या फक्त निकालाच्या दिवशी बाहेर येतात. बक्षीस म्हणून दिलेली सहल मागाहून कर्ज ठरते, आणि वसुली होते मुलांच्या आत्मविश्वासातून.

म्हणून आम्ही त्याच रात्री मुलाला आणि सुनेला बसवलं. म्हटलं, जे म्हणायचं ते आज म्हणा. बराच वेळ कोणी बोललं नाही. शेवटी मुलगा नातीला म्हणाला, "ही सहल बारा वर्षं शाळेत गेल्याबद्दल आहे. निकालाशी तिचा संबंध नाही. उद्या मी तसं बोललो, तर आजोबांना साक्षीला बोलाव." मग बाकीचं ठरलं. दोन रात्रींची गोवा फेरी, नातीची प्रवेशपरीक्षा झाल्यावर, पावसाच्या आधी. खिडकीची एक खोली, ती मुलांना. आम्हा म्हाताऱ्यांना बिनखिडकीची चालेल.

नातीनंही एक अट घातली, उघड. डेकवर कोणीही व्याख्यान द्यायचं नाही.

ती आम्ही पाळली. म्हणून आज इथे बोललो.