बट्टा, दोष आणि मोल

अँटॉप हिलच्या बाजारात सुट्ट्या पैशांत एखादे विचित्र नाणे मिळाले, की ‘याचे लाख रुपये येतील’ अशी चर्चा मुलांत सुरू होते. या आशेवर फसवणूकही चालते. जुन्या नाण्यांच्या व्यवहारासाठी आपल्या नावाने शुल्क आणि कमिशन मागितले जात असल्याचा जाहीर इशारा रिझर्व्ह बँकेला ऑगस्ट २०२१ मध्ये द्यावा लागला. मग टाकसाळीत झालेली चूक कोणती आणि नंतर झालेली इजा कोणती, हे मुलांना कसे समजावून द्यावे? त्यासाठी नाणी कशी पाडली जात, इथपासून सुरुवात करू या.

शिवाजी महाराजांची तांब्याची शिवराई हाताने पाडली जाई. खाली एक ठसा, त्यावर तांब्याचा तुकडा, वर दुसरा ठसा आणि त्यावर घणाचा घाव. तुकडा ठशाच्या नेमक्या मध्यावर बसेलच असे नाही. म्हणून ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ ही अक्षरे पुष्कळ शिवरायांवर अर्धवट उमटलेली दिसतात. त्या काळी हा दोष नव्हता, ती रीतच होती.

पेशवाईत चांदवडी, अंकुशी असे नाना प्रकारचे रुपये चालत. सराफ रुपया वाजवून पाही, तोली, चांदीचा कस तपासण्यासाठी त्यावर खूणही ठोकी. झिजलेल्या किंवा परमुलखातल्या रुपयावर तो बट्टा कापून घेई. ‘नावाला बट्टा लागणे’ या प्रयोगात तो शब्द आपल्याला आजही भेटतो. नाण्याचे मोल तेव्हा मुख्यतः त्यातल्या धातूवर ठरत होते.

मुंबईच्या फोर्ट भागातली टाकसाळ १८२० च्या दशकात उभारली गेली. तेथे वाफेच्या इंजिनांवर चालणारी यंत्रे आली. १८३५ च्या कायद्याने कंपनीच्या मुलखात एकाच वजनाचा रुपया ठरला : १८० ग्रेन, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम. एक नाणे हुबेहूब दुसऱ्यासारखे निघू लागले, तेव्हाच वेगळे निघालेले नाणे ‘चुकलेले’ ठरू लागले.

यंत्राची प्रत्येक चूक कोणत्या ना कोणत्या पायरीवर होते. धातूच्या पट्टीतून चकत्या कापताना पट्टी पुरेशी सरकली नाही, तर आधीच्या भोकाचा भाग पुढच्या चकतीत येतो आणि नाण्याची कड चंद्रकोरीसारखी तुटलेली दिसते. अशा नाण्याची नेमकी समोरची कडही पुष्कळदा पुसट असते. कानशीने घासून तयार केलेल्या नकलेत ती तशी नसते. ठशाला तडा गेला, तर धातू त्या फटीत शिरतो आणि नाण्यावर उंचवट्याची रेघ उमटते. उलट, बाहेर पडलेला ओरखडा खोलगट असतो. एक नाणे ठशाला चिकटून राहिले, तर पुढच्या नाण्याच्या एका बाजूवर त्याच चित्राची उलटी, खोलगट छाप पडते.

पायरीचा हिशेब लागत नसेल, तर ती बहुधा नंतरची इजा समजावी : पडलेले भोक, माळेसाठी डागलेली कडी, चेपलेली कड. चिंचेने घासून लख्ख केलेली शिवराई हेही नुकसानच. तिच्यावर जमलेला थर आणि बारीक तपशील त्यात जातात आणि संग्राहक तिला कमी किंमत देतात. सराफाची खूण हीसुद्धा नंतरचीच, पण ती व्यवहाराचा पुरावा आहे. ती पुसू नये. काही खुणा तर दोषही नसतात आणि इजाही नसतात. सालाखालचा छोटा हिऱ्याचा आकार ही मुंबई टाकसाळीची निशाणी, तर तारा हैदराबादची.

किंमत दुर्मिळता, स्थिती आणि मागणी या तिन्हींवर ठरते. नुसते वय पुरत नाही. जुनी असूनही विपुल असलेली नाणी स्वस्तच मिळतात.

शिक्षकांना आम्ही एक प्रयोग सुचवतो. प्रत्येक मुलाने घरातली दहा नाणी आणावीत, ती न घासता भिंगाखाली धरावीत आणि वहीत चार रकाने भरावेत : साल, टाकसाळीची निशाणी, रेघ उंच की खोल, आणि ती कोणत्या पायरीवर पडली असावी. बहुतेक नाण्यांची किंमत त्यांच्यावर छापली आहे तेवढीच निघेल. पण कोणी शुल्क मागितले, तर पैसे काढण्याआधी भिंग काढण्याची सवय मुलांना लागली, तरी पुष्कळ झाले.