एकाच बिघाडावर दोन औषधे (तळटीप)

* ‘एक बिघाड, एक औषध’ हे लेखकाचे सूत्र इथे अपुरे पडते. बीआरएएफ जनुकातला व्ही६००ई हा बदल मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगात असेल, तर वेमुराफेनिबने जवळपास निम्म्या रुग्णांच्या गाठी आक्रसतात. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात तोच बदल असूनही हे औषध जेमतेम विसात एकाला लागू पडते. याचे कारण २०१२ मध्ये ॲमस्टरडॅमच्या रेने बर्नार्ड्स यांच्या गटाने दाखवले : औषधाने बीआरएएफ बंद पडताच आतड्याच्या पेशीत ईजीएफआर हा पेशीच्या पृष्ठभागावरचा ग्राही चेकाळतो आणि वाढीचा संदेश आडवाटेने पुढे जातो. मेलानोमाच्या पेशींत ईजीएफआर मुळातच कमी. म्हणजे दोन्ही वाटा एकदम अडवायला हव्यात. औषधे वाढली की त्रासही वाढणार, हा आक्षेप रास्त. पण आतड्याच्या याच कर्करोगावरच्या बीकन चाचणीत तीव्र दुष्परिणाम एन्कोराफेनिब (बीआरएएफ रोखणारे) आणि सेटुक्सिमॅब (ईजीएफआर रोखणारे) या जोडीवर सुमारे ५० टक्के रुग्णांना झाले, तर केमोथेरपी आणि सेटुक्सिमॅबवर ६१ टक्क्यांना. मात्र नुसती भर घालून भागत नाही : बिनिमेटिनिब हे तिसरे औषध जोडूनही पुढच्या विश्लेषणात आयुष्य जोडीपेक्षा वाढलेले दिसले नाही. अमेरिकेत २०२० मध्ये मान्यता मिळाली ती जोडीलाच. तिने मध्यक आयुष्य ५.४ वरून ८.४ महिन्यांवर नेले. रोग बरा केला नाही. — संपादक