मौर्यांचे पतन आणि पवनीचे दाते

मौर्य साम्राज्य का कोसळले, हा बी. ए.च्या परीक्षेतला ठरलेला प्रश्न. अशोकाच्या अहिंसेने सैन्य दुबळे झाले, हे उत्तर मुले घोकून येतात. मीही घोकले होते. घरातला मी पहिलाच पदवीधर; छापील शब्दावर शंका घ्यावी हे सांगणारे कोणी नव्हते.

अशोकाचे शिलालेख वाचले की हे उत्तर टिकत नाही. तेराव्या लेखात तो कलिंगातल्या एक लाख मृतांबद्दल पश्चात्ताप करतो. पण त्याच लेखात अरण्यवासीयांना आपल्या सामर्थ्याची जाणीवही देतो. देहदंड त्याने रद्द केला नव्हता, फक्त तीन दिवसांची मुदत दिली. इ. स. पू. १८५च्या सुमारास शेवटच्या बृहद्रथाला त्याचाच सेनापती पुष्यमित्र याने मारले, तेही सैन्याची पाहणी चालू असताना. म्हणजे सैन्य होतेच! मग खापर अहिंसेवर का? बुद्धाचे नाव ज्यांना खुपते त्यांना ते सोयीचे आहे.

मला दिव्यावदानातली तक्षशिलेची कथा महत्त्वाची वाटते. बंड मोडायला आलेल्या तरुण अशोकाला लोक सामोरे गेले आणि म्हणाले, आमचे वैर राजाशी नाही, तुमच्याशीही नाही. दुष्ट अमात्य आमचा अपमान करतात. पुढे अशोक राजा असताना कुणालालाही तेथे हेच ऐकावे लागले. आज्ञा चांगली आणि अंमलदार मस्तवाल, ही स्थिती आम्हाला पुस्तकातून शिकावी लागत नाही. शिष्यवृत्तीसाठी एका कचेरीत मी अकरा खेपा घातल्या. भिंतीवर संविधानाची उद्देशिका टांगलेली होती.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी दाहिर राजाच्या लाचखाऊ सेनापतींची आठवण दिली, आणि विषमता राहिली तर तिने पोळलेले लोकच लोकशाहीचा डोलारा उधळतील असेही बजावले. पाचच वर्षांत, १९५४ साली, आमच्या भंडाऱ्याने लोकसभेच्या पोटनिवडणुकीत त्यांना पाडले.

याच जिल्ह्यात वैनगंगेकाठी पवनी आहे. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्याने तेथली जगन्नाथ टेकडी उकरली. स्तूप निघाला, दगडी कठड्याचे खांब निघाले, त्यांवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावे. मौर्य गेले तरी हा स्तूप सातवाहनांच्या काळातही नांदता होता. विद्यार्थ्यांना तेथे नेले तेव्हा एका मुलीने विचारले, “सर, यांच्यातलं कोणी बृहद्रथासाठी धावून गेलं असेल का?”

मी तिला तक्षशिलेची गोष्ट सांगितली.