आधी शाळा, मग कारखाना

स्पेनच्या उत्तरेला, बास्क प्रदेशात, डोंगरांच्या बेचक्यात मोंद्रागोन हे गाव आहे. होझे मारिया अरिझमेन्दिअरिएता हे पंचविशीतले कॅथलिक धर्मगुरू १९४१ साली इथे आले, तेव्हा यादवी युद्धाची झळ अजून ओसरली नव्हती. गावात कुलपांचा मोठा कारखाना होता, पण कामगाराच्या पोराला शिकून वर चढायला वाव नव्हता. फादरनी चौकाचौकांत पेट्या ठेवल्या. ज्याला जमेल त्याने आपण काय मदत करू, ते चिठ्ठीवर लिहून आत टाकायचं. अशा लोकवर्गणीतून १९४३ मध्ये २० मुलांची तंत्रशाळा उभी राहिली.

या शाळेत घडलेल्या पाच जणांनी १९५६ मध्ये स्वतःचा कारखाना काढला आणि रॉकेलचे स्टोव्ह बनवायला घेतले. पाचांच्या आडनावांतली अक्षरं जोडून नाव ठेवलं ‘उल्गोर’. इथे कामगार हाच मालक. भांडवल कितीही असो, मत एकच. सर्वांत वरचा पगार सर्वांत खालच्या पगाराच्या तिपटीपुढे जायचा नाही, असा सुरुवातीचा दंडक होता.

पैसा कुठून आणायचा? १९५९ मध्ये ‘काखा लाबोराल’ ही सहकारी बँक निघाली. तिची घोषणा होती, पासबुक की पेटी! बचत खात्यात टाका, नाहीतर पेटी उचलून पोटासाठी परगावी जा. खोऱ्यातली बचत खोऱ्यातच फिरू लागली, एकामागून एक सहकारी कारखाने उभे राहिले. १९७४ मध्ये त्यांनी ‘इकेरलान’ ही संशोधन संस्था काढली. १९८६ मध्ये स्पेन युरोपीय समुदायात गेला, जकातीच्या भिंती पडू लागल्या आणि बड्या परदेशी कंपन्या दारात आल्या. तेव्हा विखुरलेल्या संस्थांनी १९९१ मध्ये मोंद्रागोन महामंडळाची मोट बांधली.

मोठा घाव २०१३ मध्ये बसला. उल्गोरचाच वारसा सांगणारी, घरगुती उपकरणं बनवणारी ‘फागोर’ दिवाळखोरीत गेली. सभासदांचं भांडवल बुडालं, पण बहुतेकांना भावंड संस्थांनी कामावर घेतलं किंवा लवकर निवृत्ती मिळवून दिली.

आज सुमारे ८० सहकारी संस्थांत ७० हजारांच्या आसपास माणसं काम करतात. १९४३ ची ती तंत्रशाळा १९९७ पासून मोंद्रागोन विद्यापीठाचा भाग आहे. परगावी जायची पेटी अनेकांच्या घरात तशीच राहिली, कारण आधी चौकातल्या पेटीत चिठ्ठ्या पडल्या होत्या.