सहरी कधी थांबवायची? मुंबईची वेळ हेमलकशात चालत नाही

हेमलकसा (ता. भामरागड) : रमजानमध्ये मोबाईलवर सहरी-इफ्तारचे तक्ते फिरतात. त्यातले बरेच तक्ते मुंबईचे असतात. ते पाहून आपल्याकडे सहरी केली, तर रोजाच धोक्यात येतो.

नियम काय?
कुराणच्या सूरह बकरामध्ये (आयत १८७) पहाटेचा पांढरा धागा काळ्या धाग्यापासून वेगळा दिसेपर्यंत खाण्यापिण्याची मुभा दिली आहे. धागा म्हणजे पूर्वेला आडवा पसरणारा उजेड, म्हणजेच सुबह सादिक. त्याआधी उभा दिसून विरणारा उजेड ती वेळ नव्हे. सूर्य उगवेपर्यंत खाता येतं, हा समज चुकीचा आहे. सुबह सादिक आपल्या भागात सूर्योदयाच्या साधारण सव्वा तास आधी होते. फज्रची वेळ तिथूनच सुरू होते.

अर्ध्या तासाचा फरक
घड्याळ देशभर एकच, पण सूर्य पूर्वेला आधी उगवतो. दर एक रेखांशाला ४ मिनिटांचा फरक पडतो. मुंबई ७३ रेखांशाजवळ, तर हेमलकसा ८० च्या पुढे. म्हणून आपली पहाट मुंबईच्या साधारण अर्धा तास आधी होते. समजा मुंबईच्या तक्त्यात सहरी ५.४५ पर्यंत आहे, तर हेमलकशात ती ५.१५ च्या सुमारासच संपते. इफ्तारही तेवढाच आधी होतो. नागपूर, चंद्रपूरशी फरक काही मिनिटांचाच असतो.

काय करावं?
• तक्त्यावर गावाचं नाव आधी वाचा. जवळच्या मशिदीचा तक्ता घ्या.
• ॲपमध्ये लोकेशन बरोबर आहे का ते बघा. जंगलात रेंज जाते, म्हणून महिन्याच्या वेळा आधीच उतरवून ठेवा.
• एकच वेळ महिनाभर धरू नका, ती रोज थोडी सरकते.
• झाडी, डोंगर, ढग किंवा चांदण्यामुळे आभाळाचा अंदाज चुकू शकतो. ५-१० मिनिटं आधी थांबलेलं बरं. काही तक्त्यांतली ‘इमसाक’ची वेळ अशीच खबरदारीची असते.
• सहरीनंतरच्या गोळ्याही त्याच वेळेआधी घ्याव्या लागतात. शुगरच्या रुग्णांनी रमजानआधीच डॉक्टरांना विचारावं. आजाऱ्याला रोज्यातून सवलत आहे.

चुकून उशिरा खाल्लं तर?
बहुतेक आलिमांच्या मते तो दिवस रोजासारखाच पूर्ण करायचा आणि रमजाननंतर एक रोजा कजा म्हणून ठेवायचा. शंका असल्यास आपल्या मशिदीच्या इमामसाहेबांना विचारा.