तुकडे जोडण्याची विद्या

रोमन कायद्यांच्या एका जुन्या संग्रहात सम्राट कॉन्स्टंटाइन याच्या नावे इ. स. ३३७ चा एक छोटासा हुकूम आहे. पस्तीस प्रकारच्या कारागिरांना सार्वजनिक वेठीतून मोकळे करावे, असे त्यात फर्माविले आहे. यादीत सोनार आहेत, कुंभार आहेत, पाथरवट आहेत. आणि रंगीत दगडांचे व काचेचे बारीक तुकडे बसवून चित्र करणारे मोझेकचे कारागीरही आहेत. सवलतीचे कारण मोठे मार्मिक आहे. आपल्या कलेत अधिक निष्णात होण्यास व ती मुलांना शिकविण्यास ह्या लोकांना फुरसत मिळावी, एवढाच हेतू. ही विद्या ग्रंथात नाही, ती बापाच्या हातून मुलाच्या हातात जाते, आणि मध्ये एक पिढी चुकली तर ती संपते, हे त्या राज्यकर्त्यांस कळले होते.

तरी तिचा मान फार मोठा होता असे समजू नये. त्यापूर्वी ३०१ मध्ये डायोक्लीशन बादशहाने मजुरीचे जे दर ठरवून दिले, त्यांत आकृती रंगविणाऱ्या चित्रकारास दिवसाला १५० दिनार आणि भिंतीवर मोझेक बसविणाऱ्यास ६०. चित्र कल्पिणारा वरचा, तुकडे लावणारा खालचा, ही उतरंड तेव्हापासूनची आहे. म्हणूनच उत्तर ग्रीसमधील पेल्ला येथे, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकाच्या अखेरीस, नदीतील गोट्यांनी रचलेल्या हरिणाच्या शिकारीच्या चित्रावर 'ग्नोसिसने केले' अशी अक्षरे दिसतात, तेव्हा थोडे नवल वाटते. बहुतेकांची नावे गेली.

आपल्याकडील ज्ञानकोशात मोझेकला 'कुट्टिमचित्र' आणि कोलाजला 'चिक्कणितचित्र' असे शब्द आहेत. शब्द जड आहेत. काम त्याहून जड आहे. लाकडाच्या ओंडक्यात एक रुंद छिन्नी धार वर करून रोवलेली असते. तिच्यावर दगड टेकवून वरून दोन टोकांच्या वाकड्या हातोडीने आघात करावयाचा. शिकाऊ माणूस जोर लावतो आणि दगडाचा चुरा होतो. वस्तुतः हातोडीचे वजनच पुरेसे असते. तिची धार व खालची धार एका रेषेत आली की दगड आपण होऊन दुभंगतो. हे सांगून समजत नाही. पुढे तुकड्यांच्या ओळी कशा वळवावयाच्या, गालावरची ओळ गालाच्या गोलाईने आणि वस्त्रावरची वस्त्राच्या चुणीने कशी न्यावयाची, दोन तुकड्यांत फट किती ठेवावयाची, हे सारे शेजारी बसूनच शिकावे लागते.

ह्या हस्तकौशल्याचा कळस पाहावयाचा तर इटलीतील राव्हेन्ना गावी. तेथील सान व्हिताले हे मंदिर ५४७ मध्ये प्रतिष्ठित झाले. जस्टिनियन बादशहा व राणी थिओडोरा यांच्या तेथील चित्रांत सोन्याचा वर्ख काचेच्या दोन थरांमध्ये धरलेला आहे. ओल्या गिलाव्यात हे तुकडे सपाट बसविलेले नाहीत. किंचित कलते, कमीअधिक वर-खाली दाबलेले आहेत. त्यामुळे पाहणारा चालू लागला की प्रकाशही भिंतीवर चालू लागतो. गिलावा सुकण्यापूर्वी जेवढे होईल तेवढेच त्या दिवसाचे काम. त्यामुळे निर्णय भिंतीपाशीच घ्यावा लागे.

एकोणिसाव्या शतकात ह्या पद्धतीला धक्का बसला, आणि तो एका कारागिरानेच दिला. जान दोमेनिको फाकिना हा इटलीच्या ईशान्येकडील फ्रिउली प्रांतातला, १८२६ सालचा जन्म. नद्यांच्या पात्रांत नाना रंगांचे गोटे आणि शेतात मात्र फारसे काही नाही, असा तो मुलूख. तेथील माणसे पिढ्यान्‌पिढ्या व्हेनिसला जाऊन दगडाच्या कपच्यांच्या घोटीव जमिनी करीत. आपण ज्याला घरोघरी 'मोझेकची लादी' म्हणतो, ती खरे पाहता ह्या जमिनींचीच दूरची नात आहे. फाकिनाने तुकडे कारखान्यातच, पालथे, कागदावर डिंकाने चिकटविण्याची रीत प्रचारात आणली. तयार कागद पेटीत घालून कोठेही न्यावा, गिलाव्यावर दाबावा, आणि मग भिजवून सोलून काढावा. काम झपाट्याने होऊ लागले, स्वस्त झाले. १८७५ मध्ये उघडलेल्या पॅरिसच्या ऑपेरागृहात ह्याच रीतीचे छत आहे, आणि तेथे ग्रीक अक्षरांत वास्तुकार गार्निए याच्याबरोबर फाकिनाचेही नाव कोरले गेले. ग्नोसिसनंतर एवढा मान क्वचितच कोणास मिळाला असेल.

पण किंमत द्यावी लागली. कागदावर पालथे बसविलेले तुकडे एका पातळीत येतात. राव्हेन्नाचा तो चालता प्रकाश त्यांत नाही. शिवाय लावणाऱ्याला आपले चित्र उलटे दिसते, आणि भिंत तर दिसतच नाही. माझ्या मते हा सौदा अगदी खोटा नव्हता. त्याने फ्रिउलीतील हजारो हातांना देशोदेशी भाकरी मिळवून दिली. मात्र हात आणि भिंत यांची ताटातूट झाली, हे नाकारता येत नाही.

१९२२ मध्ये त्याच प्रांतात स्पिलिंबेर्गो येथे मोझेकची शाळा निघाली. अभ्यासक्रम तीन वर्षांचा. प्रथम रोमन पद्धती, मग बायझंटाइन, शेवटी आधुनिक. म्हणजे विद्यार्थ्याने दोन हजार वर्षांचा इतिहास बोटांनी चालून जावयाचा. तेथे उलटी रीतही शिकवितात आणि सुलटीही.

नवशिक्याला मात्र आधी कागदाचे कपटेच बरे. गिलावा चूक माफ करीत नाही, खळ करते. कोलाजचा आरंभ १९१२ मध्ये पिकासो व ब्राक यांच्यापासून मोजण्याची प्रथा आहे. पण इंग्लंडात मेरी डिलेनी नावाच्या एका विधवा बाईने त्याआधी १४० वर्षे हा उद्योग आरंभिला होता. १७७२ मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी. खरे फूल समोर ठेवावे, रंगीत कागद कात्रीने डोळ्यांच्या अंदाजाने कापावा आणि काळ्या कागदावर पाकळीवर पाकळी चिकटवावी. एकेका फुलाला कधी शेकडो कपटे लागत. आपल्या ह्या कामाला तिने नाव दिले होते 'कागदी मोझेक'. पुढच्या दहा वर्षांत तिची जवळजवळ हजार फुले झाली. त्यांतील बहुतेक आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. १७८२ च्या सुमारास दृष्टी मंदावली, तेव्हा तिने कात्री खाली ठेवली.