राखीव फलंदाज: जमैकापासून पर्थपर्यंत

परदेश दौऱ्यासाठी कसोटी संघ जाहीर झाला की आपल्याकडे वाद ठरलेलाच. गंमत म्हणजे तो पहिल्या अकरा जणांवरून फारसा होत नाही. ती नावं नाक्यावरचा चहावालासुद्धा आदल्या दिवशी सांगतो. खरा वाद होतो चौदाव्या, पंधराव्या, सोळाव्या नावावरून. जो बहुधा खेळणारच नाही, त्याच्यासाठी आपण एकमेकांशी दोन-दोन दिवस भांडतो.

मला हे भांडण वायफळ वाटत नाही. आपल्या क्रिकेटचा इतिहास चाळला तर मोठमोठ्या मालिका या शेवटच्या नावांनी फिरवलेल्या दिसतात. आणि याच नावांवर सगळ्यात जास्त अन्यायही झालेला दिसतो. म्हणून आज थोडं सविस्तर लिहितोय. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

सुरुवात १९७१ पासून करू. विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने अजित वाडेकर कर्णधार झाले आणि संघ वेस्ट इंडिजला निघाला. त्याआधी १९६२ साली तिथे आपण ५-० असा सपाटून मार खाल्ला होता. या संघात दिलीप सरदेसाईंचं नाव जवळपास शेवटी आलं. मडगावचा हा माणूस मुंबईकडून खेळायचा, १९६५ साली न्यूझीलंडविरुद्ध ब्रेबॉर्नवर त्याने नाबाद २०० केल्या होत्या. पण १९७१ पर्यंत 'सरदेसाई संपला' असं बोललं जायला लागलं होतं. वाडेकरांनी आग्रह धरला म्हणून ते विमानात बसले, असंच तेव्हापासून सांगितलं जातं.

पुढे काय झालं ते बघा. दौरा सुरू होतो न होतो तोच विश्वनाथ गुडघ्याने आणि गावसकर बोटाच्या दुखण्याने पहिल्या कसोटीबाहेर. किंग्स्टनला आपली अवस्था ५ बाद ७५. तिथून सरदेसाईंनी २१२ धावा काढल्या. आधी एकनाथ सोलकरबरोबर १३७ धावांची भागी, मग प्रसन्नाबरोबर नवव्या विकेटसाठी १२२. आपल्या ३८७ झाल्या, वेस्ट इंडिजचा डाव २१७ वर आटोपला. पहिला दिवस पावसात गेला होता, त्यामुळे दीडशेची आघाडीसुद्धा फॉलोऑनला पुरेशी होती. वाडेकरांनी सोबर्सला पुन्हा फलंदाजीला बोलावलं! सामना अनिर्णित राहिला, पण त्या दिवसापासून मालिकेचा नूर पालटला.

दुसऱ्या कसोटीत पोर्ट ऑफ स्पेनला सरदेसाईंनी ११२ काढल्या, गावसकरने पदार्पणात दोन्ही डावांत अर्धशतकं केली आणि आपण वेस्ट इंडिजला पहिल्यांदा हरवलं. मालिका १-० अशी जिंकली. गावसकरच्या चार कसोटींतल्या ७७४ धावा सगळ्यांना पाठ आहेत. सरदेसाईंच्या ६४२ धावा मात्र आठवण करून द्याव्या लागतात.

आता त्याच किंग्स्टनच्या कसोटीतला दुसरा राखीव माणूस. गावसकर नाही म्हणून सलामीला हैदराबादचा केनिया जयंतीलाल खेळला. त्याने ५ धावा केल्या. आपला डाव एकदाच झाला, म्हणजे त्याला दुसरी संधी त्याच सामन्यातही मिळाली नाही. पुढच्या कसोटीला गावसकर बरा झाला. जयंतीलालची ती पहिली आणि शेवटची कसोटी. एक डाव, पाच धावा, विषय संपला!

एकाच सामन्यात दोन राखीव फलंदाज. एकाने इतिहास घडवला, दुसऱ्याचं नाव आज क्विझमध्ये विचारतात. नशिबाचा भाग आहेच, पण फरक तेवढाच नव्हता. सरदेसाईंच्या गाठीशी दहा वर्षांचा कसोटी अनुभव होता, १९६२ चा वेस्ट इंडिज दौराही होता. त्यांना तिथल्या खेळपट्ट्या नव्या नव्हत्या. जयंतीलालच्या हातात एक डाव होता, बस्स.

यातून मला पहिला धडा दिसतो. राखीव फलंदाज म्हणून नवखा पोरगा नेणं दिसायला छान दिसतं, 'भविष्यासाठी गुंतवणूक' वगैरे शब्दही वापरता येतात. पण आदल्या रात्री निरोप आला आणि सकाळी पॅड बांधून उतरायचं झालं, तर जुना, घासलेला माणूस जास्त उपयोगी पडतो.

याला आणखी एक पुरावा. १९६७-६८ चा ऑस्ट्रेलिया दौरा. जयसिंहा मूळ संघात नव्हतेच. चंद्रशेखर जखमी झाल्यावर त्यांना मागाहून बोलावलं. येऊन थोडेच दिवस झाले होते, आणि ब्रिस्बेनला त्यांनी ७४ आणि १०१ काढल्या. ३९५ धावांचा पाठलाग करताना आपण फक्त ३९ धावांनी हरलो.

आता कोणी म्हणेल, तरुणांनीही केलंय की! केलंय, नाकारत नाही. १९५९ साली इंग्लंडमध्ये विजय मांजरेकर जायबंदी झाले तेव्हा ऑक्सफर्डमध्ये शिकणाऱ्या अब्बास अली बेगला बोलावलं, आणि त्याने मँचेस्टरला पदार्पणातच ११२ केल्या. १९९६ ला सिद्धू दौरा सोडून परत आला, संजय मांजरेकर जखमी झाला, आणि लॉर्ड्सवर गांगुलीने १३१, द्रविडने ९५ केल्या. २०१९ च्या अॅशेसमध्ये लॉर्ड्सवरच स्टीव्ह स्मिथच्या मानेवर चेंडू लागला आणि कन्कशनच्या नव्या नियमाने मार्नस लाबुशेन सामन्याच्या मध्येच उतरला. त्याने ५९ केल्या आणि मालिकेत साडेतीनशेच्या वर धावा.

पण या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. बेग इंग्लंडमध्येच खेळत होता. लाबुशेन त्या मोसमात ग्लॅमॉर्गनकडून कौंटी खेळून आला होता. गांगुली आणि द्रविडला कसोटीआधी कौंट्यांविरुद्ध खेळायला मिळालं होतं. म्हणजे ही पोरं बाकावर बसून गंजलेली नव्हती. हातात बॅट होती आणि समोर खरे गोलंदाज होते.

आज नेमकं हेच राहिलेलं नाही. पूर्वी दौरा महिनोन्महिने चालायचा. दोन कसोटींच्या मध्ये स्थानिक संघांशी सामने असायचे आणि राखीव माणूस तिथे धावा काढून दार ठोठवायचा. आता दोन कसोटींत कधी कधी तीन-चार दिवसांचंच अंतर असतं. राखीव फलंदाज काय करतो? नेटमध्ये थ्रोडाऊन घेतो, मैदानात पाणी नेतो, कोणी बाहेर गेला तर क्षेत्ररक्षणाला उभा राहतो.

२०११-१२ चा ऑस्ट्रेलिया दौरा आठवा. आपण ४-० हरलो. द्रविडच्या चार कसोटींत १९४ धावा, लक्ष्मणच्या १५५. बाकावर कोण होते? रोहित शर्मा आणि अजिंक्य रहाणे. दोघांनाही एकही कसोटी मिळाली नाही. रहाणेचं पदार्पण मार्च २०१३ मध्ये दिल्लीला झालं, रोहितचं त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये. दिग्गजांना वगळणं सोपं नसतं हे मान्य. पण मग त्या दोघांना तिथे बसवून ठेवण्यापेक्षा रणजी खेळू दिलं असतं तर काय बिघडलं असतं?

करुण नायरचं प्रकरण तर मला अजून पचलेलं नाही. २०१६ साली चेन्नईला नाबाद ३०३. रहाणे परतला आणि पुढच्याच कसोटीत हा बाहेर. ठीक. २०१८ ला इंग्लंड दौऱ्यावर त्याला राखीव म्हणून नेलं. चार कसोटी बसला. पाचव्या कसोटीत जागा झाली तर खेळला कोण? शेवटच्या दोन कसोटींसाठी मागून आलेला हनुमा विहारी. विहारीने ५६ काढल्या, त्याचा काही दोष नाही. पण मग आधीपासून बसलेल्या माणसाला कशासाठी नेलं होतं? त्यानंतर नायर संघाबाहेर गेला तो थेट २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यालाच परतला.

२०२४ च्या पर्थ कसोटीतही तसंच दिसतं. गिलचा अंगठा दुखावला. संघात सर्फराज खान होता, अभिमन्यू ईश्वरन होता. खेळला भारत अ संघातून मागे ठेवून घेतलेला देवदत्त पडिक्कल. निवड समितीची बाजूही मांडली पाहिजे. पडिक्कलने त्याच महिन्यात तिथल्या खेळपट्टीवर ८८ काढल्या होत्या, ईश्वरन त्याच सामन्यांत अपयशी ठरला होता. तर्क चुकीचा नव्हता. पण सर्फराजचं काय? आदल्याच महिन्यात बंगळुरूला न्यूझीलंडविरुद्ध १५० केलेला आपला मुंबईचा पोरगा पाच कसोटी बाकावर बसला आणि पुढच्या इंग्लंड दौऱ्याच्या संघातून नावच गायब. न खेळता नापास! शाळेत असं केलं तर पालक मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये बसतील.

आणि ज्यांना ही खुर्चीसुद्धा मिळाली नाही, ते वेगळेच. अमोल मुझुमदारने रणजी पदार्पणात २६० काढल्या, प्रथम श्रेणीत ११ हजारांच्या वर धावा केल्या, पण एकही कसोटी नशिबात आली नाही. २०२५ मध्ये त्याच्या प्रशिक्षणाखाली आपल्या मुलींनी नवी मुंबईत विश्वचषक उचलला तेव्हा अनेकांच्या डोळ्यांत पाणी का आलं, हे मुंबईकराला समजावून सांगायला नको. राखीव जागेची किंमत अशा माणसांकडे बघून कळते. ती जागा एकाला दिली म्हणजे दुसऱ्या कोणाची तरी काढून घेतलेली असते.

तर माझं म्हणणं थोडक्यात असं.

एक, सलामीचा आणि मधल्या फळीचा राखीव वेगळा असावा. किंग्स्टनला जयंतीलालबरोबर अबिद अली सलामीला गेले होते. प्रत्येक वेळी असा जुगाड चालत नाही.

दोन, दोघांपैकी एक तरी अनुभवी असावा, त्या देशात आधी खेळून आलेला.

तीन, तरुणाला नेणार असाल तर दौऱ्याआधी आणि दौऱ्यादरम्यान अ संघाचे सामने द्या. फक्त पाणी न्यायला नेऊ नका.

चार, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. जागा झाली तर पहिला हक्क बाकावर बसलेल्याचा. त्याला डावलायचं असेल तर निवड समितीने कारण त्याच्या तोंडावर सांगावं आणि आम्हालाही सांगावं. आपण तिकीट काढून, पहाटे उठून हे सामने बघतो. एवढं विचारायचा अधिकार आपल्याला आहे.

सरदेसाईंना १९७१ साली शेवटच्या क्षणी घेतलं नसतं तर काय झालं असतं, याचा विचार केला की अंगावर काटा येतो. त्या वर्षी आणखी कोणाला तरी नाही घेतलं, त्याचं नाव आपल्याला माहीतही नाही.

आता तुम्ही सांगा. पुढच्या परदेश दौऱ्यासाठी राखीव फलंदाजांच्या दोन जागा तुमच्या हातात दिल्या तर कोणाला न्याल? नावाबरोबर कारण लिहा. आणि वाद घाला, पण शिव्या नकोत.